पिन बसली म्हणून चार्जर जुळतोच असं नाही: ई-सायकलची बॅटरी चार्ज होईना तेव्हा काय बघायचं

नाशिकरोडला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी इन्व्हर्टर आणि टीव्ही यायचे, आता निम्म्याहून जास्त काम ई-सायकलींचं. गिऱ्हाईक पायरी चढतानाच निकाल सांगतं, "दादा, बॅटरी गेली." पुष्कळदा बॅटरी ठणठणीत असते. सायकलसोबत आलेला चार्जर बिघडलेला असतो, नाहीतर उंदरानं वायर कुरतडलेली असते, आणि बाजारातून आणलेला नवा चार्जर त्या बॅटरीचा नसतोच. पिन बसली, दिवा लागला, म्हणजे झालं असं वाटतं. तिथंच गाडं अडतं.

आधी लक्षणं

तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते बघून घ्या.

- चार्जर लावला तरी दिवा हिरवाच राहतो, लाल होतच नाही.
- लाल होतो, पण दहा-पंधरा मिनिटांत हिरवा. सायकल मात्र दोन-तीन किलोमीटरवर बसते.
- रात्र गेली तरी दिवा लालच.
- दिवा लाल-हिरवा फडफडतो, पिन हलवली की बदलतो.
- पिन किंवा चार्जर हाताला सोसवणार नाही इतका तापतो.
- दिवा लागतच नाही.

इथं एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. हिरवा दिवा म्हणजे बॅटरी भरली असं नाही. चार्जरला एवढंच कळतं की आपल्यातून करंट जातोय की नाही. करंट बऱ्यापैकी जात असेल तर लाल; अगदी थोडा किंवा शून्य असेल तर हिरवा. बॅटरी न जोडता नुसता चार्जर भिंतीच्या सॉकेटला लावून बघा, तेव्हाही हिरवाच दिसेल. म्हणून लावल्या लावल्या हिरवा दिसला तर आनंद मानू नका. करंट कुठंतरी अडलाय.

१. सॉकेट आणि बटण

हसू नका. बॅटरीला स्वतःचं बटण किंवा किल्ली असते. काही बॅटऱ्या ते बंद असतानाही चार्ज होतात, काही होत नाहीत. दोन्ही स्थितींत लावून बघा. चार्जर दुसऱ्या खोलीतल्या सॉकेटला लावा, तोही थेट भिंतीवरच्या. पलंगाखालून आणलेल्या ढिल्या एक्स्टेन्शन बोर्डला नको. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा काही चार्जर नुसते दिवा मिणमिणवत बसतात. स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर चार्जर गुणगुणायला लागला तर लाइट येईपर्यंत थांबा.

आणि बॅटरी नुकती उन्हातून आणली आहे का? लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. आतल्या बीएमएसला, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या छोट्या सर्किटला, तापमानाचा सेन्सर असेल तर ते चार्जिंग सरळ बंद ठेवतं. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पत्र्याखाली उभ्या सायकलीची बॅटरी दुपारी चार्ज झाली नाही, तर तो बिघाड समजू नका. तास-दीड तास सावलीत ठेवा, मग लावा. ज्या बॅटरीत सेन्सर नाही ती मात्र गरम असतानाही मुकाट्यानं चार्ज होते आणि सेलचं आयुष्य खाते.

२. दोन्ही लेबलं वाचा

याला पैसा लागत नाही, आणि निम्मे घोळ इथंच सापडतात. बॅटरीच्या लेबलवर दोन गोष्टी शोधा: व्होल्ट, आणि सेल कोणत्या जातीचे. चार्जरवर "आउटपुट" असं लिहिलेल्या ओळीत व्होल्ट आणि अँपियर बघा.

बॅटरीवर ३६ व्होल्ट आणि चार्जरवर ४२ व्होल्ट दिसलं की लोक दचकतात. बरोबर आहे ते. ३६ हा मधला, बोलीभाषेतला आकडा. नेहमीच्या लिथियम-आयन बॅटरीत १० सेल ओळीनं असतात, प्रत्येक सेल भरतो ४.२ व्होल्टला, म्हणून चार्जर ४२ चा. उलट बॅटरीवर ३६ आणि चार्जरच्या आउटपुटमध्येही ३६ च लिहिलं असेल तर त्या लेबलवर विश्वास ठेवू नका. तो आकडा मोजूनच खरा मानायचा.

माझ्या दुकानात भिंतीवर हा कागद चिकटवलेला आहे:

लिथियम-आयन (सेल ४.२ व्होल्टला भरतो)
२४ व्होल्ट, ७ सेल: चार्जर २९.४
३६ व्होल्ट, १० सेल: चार्जर ४२
४८ व्होल्ट, १३ सेल: चार्जर ५४.६

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी (सेल ३.६५ व्होल्टला भरतो)
३६ व्होल्ट, १२ सेल: चार्जर ४३.८
४८ व्होल्ट, १६ सेल: चार्जर ५८.४

लेड-अ‍ॅसिड (१२ व्होल्टच्या बॅटऱ्या ओळीनं)
३६ व्होल्ट, ३ बॅटऱ्या: साधारण ४३ ते ४४.४
४८ व्होल्ट, ४ बॅटऱ्या: साधारण ५७.६ ते ५९.२

आता बघा, "३६ व्होल्टचा चार्जर द्या" म्हटलं की दुकानदार यातला कुठलाही देऊ शकतो. तिघांवरही ३६ च लिहिलेलं असू शकतं.

प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे असाच चार्जर घेऊन आले. तक्रार अशी की दिवा आधी लाल, मग एकदम हिरवा, मग पुन्हा लाल, असं चालूच राहतं. चार्जर मल्टिमीटरला, म्हणजे व्होल्ट मोजायच्या मीटरला, लावला तर ४३.८. बॅटरी त्यांची १० सेलची. ४३.८ भागिले १०, म्हणजे प्रत्येक सेलवर ४.३८ व्होल्ट. त्यांच्या बॅटरीतलं बीएमएस चांगलं होतं. एखादा सेल ४.२५ च्या आसपास गेला की ते दार बंद करायचं, सेल जरा खाली आला की उघडायचं. दिव्याचा खेळ तो होता. काका सव्वा महिना त्या चार्जरवर काढून आले होते. बीएमएस हा शेवटचा राखणदार आहे. रोज त्याच्याच भरवशावर दार उघडं टाकून झोपायचं नसतं. एखाद्या दिवशी त्याचा मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा भाग, जळून शॉर्ट झाला तर दार बंद करणारं कुणी उरत नाही, आणि जास्त भरलेल्या लिथियम सेलचा शेवट आगीत होऊ शकतो.

लेड-अ‍ॅसिडचा चार्जर लिथियमला लावण्यात आणखी एक खोट आहे. बॅटरी भरल्यावरही तो थोडं व्होल्टेज देत राहतो, लेड-अ‍ॅसिडला ते चालतं. काही चार्जर तर प्लेटा मोकळ्या करण्यासाठी मधूनमधून जास्त व्होल्टेजचे झटके देतात. लिथियमला यातलं काहीच नको.

उलटी चूक त्या मानानं गरीब. १२ सेलच्या फॉस्फेट बॅटरीला ४२ चा चार्जर लागला तर सेलमागे ३.५ व्होल्ट मिळतात. बॅटरी जवळजवळ भरते, फक्त सेल एकमेकांच्या बरोबरीला येत नाहीत. पण ४८ च्या बॅटरीला ४२ चा चार्जर लावलात तर अर्धवटसुद्धा धड भरणार नाही. दिवा लगेच हिरवा आणि सायकल कोपऱ्यावर बंद, हे लक्षण बऱ्याचदा असंच येतं.

अँपियरबद्दल लोक उगाच घाबरतात, नाहीतर उगाच घाबरत नाहीत. कमी अँपियरनं काही बिघडत नाही, वेळ लागतो इतकंच. ७.८ अँपियर-तासाच्या बॅटरीला २ अँपियरचा चार्जर चार-साडेचार तास घेईल. लवकर व्हावं म्हणून ५ अँपियरचा आणला तर त्या लहान बॅटरीवर आणि तिच्या बारीक पिनेवर अत्याचार होतो. लेबलवर कमाल चार्जिंग करंट दिला असेल तर तो पाळा. दिला नसेल तर मी अँपियर-तासाला चारानं भागतो, फार तर तिनानं. त्यापुढे जात नाही.

३. पिन आणि सॉकेट डोळ्यांनी बघा

मोबाइलचा टॉर्च लावून बॅटरीच्या सॉकेटात बघा. पावसाळ्यानंतर, आणि कोकणात तर बारा महिने, आतल्या पितळेवर हिरवट थर दिसतो. तो असला की संपर्क अर्धवट, संपर्क अर्धवट असला की उष्णता, आणि उष्णतेनं प्लास्टिक वितळतं. थर पातळ असेल तर चार्जर काढून ठेवा, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारा, पूर्ण वाळू द्या. आत स्क्रू ड्रायव्हर किंवा टाचणी घालून खरवडू नका. सॉकेटात बॅटरीचं व्होल्टेज असू शकतं, आणि शॉर्ट झालं तर टाचणी लाल होते.

गोल पिनेचा एक छुपा घोळ सांगतो. बाहेरून बहुतेक ५.५ मिलिमीटरच्या. आतलं भोक मात्र दोन मापांचं, २.१ आणि २.५. मोठ्या भोकाची पिन लहान सॉकेटात आरामात जाते, पण सैल बसते. डब्यांची पोच करणारी एक ताई तीन वेळा माझ्याकडे आली. दुकानात लावलं की चार्ज, घरी लावलं की नाही. शेवटी मी तिलाच लावायला सांगितलं. तिनं पिन घातली, वायर खाली सोडली, आणि वायरच्या वजनानं पिन अर्धा मिलिमीटर कलली. दिवा हिरवा. मी दोन्ही वेळा वायर टेबलावर ठेवून तपासत होतो, म्हणून मला कधी दिसलंच नव्हतं. चार्जरची पिन २.५ ची होती. पिन कापून २.१ ची डाग देऊन बसवली, काम झालं.

तीन पिनांचा जॅक असेल तर अजून जपून. प्लस कुठल्या पिनेवर आणि मायनस कुठल्या, यात सगळ्या कंपन्यांचं एकमत नाही. दिसायला दोन चार्जर जुळे, आत वायरी उलट्या. सुरुवातीच्या दिवसांत मी स्वतः असा एक न मोजता लावला होता. टच्च आवाज, ठिणगी, पिनेचं टोक काळं, आणि चार्जरचा फ्यूज गेला. बॅटरी वाचली ती नशिबानं.

४. चार्जर मोजा

इथून पुढे मल्टिमीटर लागतो. साधा डिजिटल तीन-चारशे रुपयांत मिळतो, आणि ई-सायकल असेल तर घरात असावाच. नॉब डीसी व्होल्टच्या २०० वर ठेवा. चार्जर बॅटरीपासून सुटा, भिंतीला लावलेला. काळी काडी पिनेच्या बाहेरच्या भागाला, लाल काडी आतल्या भोकात. दोन्ही काड्या एकमेकींना टेकू देऊ नका.

४२ च्या चार्जरनं ४१.८ ते ४२.२ च्या दरम्यान दाखवलं पाहिजे. आकड्याआधी उणे चिन्ह आलं तर पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, उलटी आहे. बॅटरीची तशीच आहे याची खात्री झाल्याशिवाय जोडू नका. ४० किंवा ३९ दाखवत असेल तर चार्जर म्हातारा झालाय, तो बॅटरी कधीच पूर्ण भरणार नाही. ४३ च्या पुढे असेल तर तो चार्जर त्या बॅटरीजवळसुद्धा नेऊ नका. शून्य आलं तर बहुधा चार्जर मेला. काही चार्जर मात्र बॅटरीचं व्होल्टेज जाणवल्याशिवाय आउटपुट देतच नाहीत, म्हणून नुसत्या शून्यावरून चार्जर फेकू नका; तशाच दुसऱ्या सायकलीवर लावून बघा.

चार्जरचं झाकण मात्र उघडायचं नाही. २३० व्होल्टच्या लाइटवर आतला मोठा कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसाच राहू शकतो. बॅटरीच्या ४२ व्होल्टपेक्षा हा झटका फार वाईट. मीही उघडतो तेव्हा आधी तो रिकामा करून, मोजून, मगच हात घालतो.

एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा जाळीचा पॉवर सप्लाय ४२ वर सेट करून चार्जर म्हणून वापरणारे हौशी लोकही येतात. चार्जर आधी ठरलेल्या करंटनं भरतो, मग व्होल्टेज धरून करंट हळूहळू कमी करतो. साध्या पॉवर सप्लायला ही शिस्त नसते. रिकाम्या बॅटरीसमोर तो एकतर दम टाकतो किंवा जळतो.

५. बॅटरी मोजा

चार्जर बरोबर निघाला तरच इथं या. बॅटरीच्या ज्या टोकातून मोटरला वीज जाते तिथं मोजा, बटण चालू ठेवून. चार्जिंगच्या सॉकेटात बीएमएसमुळे कमी किंवा शून्य दिसू शकतं आणि त्यावरून भलताच निष्कर्ष निघतो.

१० सेलच्या बॅटरीचा हिशेब असा. चार्ज करून तासभर ठेवल्यावर ४१.५ च्या वर आहे: बॅटरी पूर्ण भरतेय. तरीही सायकल लवकर बसत असेल तर सेल थकलेत, चार्जर बदलून काही होणार नाही. चार्जर ४२ देतोय पण बॅटरी ४० वरच अडते आणि दिवा हिरवा होतो: आतला एक सेल किंवा सेलचा एक गट इतरांच्या आधी भरतोय आणि बीएमएस सगळ्यांनाच थांबवतंय. फरक थोडा असेल तर हिरवा दिवा लागल्यावर लगेच न काढता तास-दोन तास जोडलेली ठेवा. बहुतेक बीएमएस वरच्या टोकालाच सेल समान करतात, तेही अगदी बारीक करंटनं, म्हणून वेळ द्यावा लागतो. असं तीन-चार दिवस करा. पण तुम्ही जागे आणि त्याच खोलीत असताना. फरक पडला नाही तर पुढचं काम घरचं नाही.

रात्रभर लाल राहणाऱ्या बॅटरीचंही इथंच कळतं. तासातासाला मोजा. आकडा एका जागी खिळलेला असेल आणि बॅटरी कोमट लागत असेल तर आत एखादा सेल करंट पिऊन नुसती उष्णता करतोय. चार्जर काढा आणि पुन्हा लावू नका.

रिकामी बॅटरी साधारण ३० व्होल्टला येते. चार महिने न वापरता ठेवलेली त्याच्याही खाली जाते, कारण बीएमएस स्वतः थोडं थोडं खात असतं. पावसाळाभर सायकल बाजूला ठेवून दसऱ्याला पूजेला काढणाऱ्यांची ही ठरलेली तक्रार: दिवा हिरवाच. २५ च्या वर असेल तर दुकानात नियंत्रित करंटनं हळूहळू वर आणून बघता येते. २० च्या खाली गेली असेल तर मी हात लावत नाही. इतक्या खाली उतरलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळतं, आणि नंतर चार्ज करताना तेच आत शॉर्ट करू शकतं. दुसऱ्या बॅटरीतून वायर जोडून "धक्का" द्यायचे व्हिडिओ बघितलेत ना, ते विसरा.

मोजून शून्य आलं तर बॅटरीच्या बाहेरच्या बाजूला बदलता येणारा फ्यूज आहे का बघा. असेल तर काढून मल्टिमीटरच्या आवाजाच्या खुणेवर तपासा. उडालेला असेल तर त्याच अँपियरचा लावा. तो पुन्हा उडाला तर तिसरा लावायचा नाही, आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार तर कधीच नाही.

६. इथं थांबा

पुढचं काही दिसलं तर सायकलवाल्याकडे नाही, लिथियम बॅटरी उघडून दुरुस्त करणाऱ्याकडे किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा:

- बॅटरी फुगली आहे, खोका फाकला आहे, किंवा नेलपॉलिशसारखा वास येतोय.
- चार्जर काढून अर्धा तास झाला तरी बॅटरी गरमच आहे.
- बॅटरी पाण्यात बुडाली होती. नंतर वाळून चालू झाली असली तरीही.
- जोरात आपटली आहे आणि त्यानंतर चार्जिंग बदललं आहे.
- वरच्या सगळ्या तपासण्या बरोबर आल्या आणि तरी चार्ज होत नाही.

यातली पहिली दोन असतील तर बॅटरी घरात ठेवू नका. उघड्यावर, फरशीवर किंवा मातीवर, जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि मग फोन करा. धूर निघायला लागला असेल तर उचलायलाही जाऊ नका. माणसं बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा. तो धूर विषारी असतो.

खोका स्वतः उघडू नका. ३६ व्होल्टचा झटका बसणार नाही, पण आत अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा दोन टोकांना टेकला तर शेकडो अँपियर वाहतात आणि बोट भाजून निघतं. आणि कुणी "बीएमएस काढून डायरेक्ट करून देतो" म्हणालं तर बॅटरी उचला आणि निघा. मेलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घ्यायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीवर आहे. विक्रेत्याकडे परत द्या.

नवा चार्जर घ्यायला जाताना

बॅटरी सोबत न्या, निदान तिच्या लेबलचा आणि सॉकेटचा फोटो. आणि दुकानात असं मागा: "१० सेलच्या लिथियम-आयन बॅटरीचा, ४२ व्होल्ट, २ अँपियर, ५.५ बाय २.१ ची पिन, मधला प्लस." आकडे तुमच्या बॅटरीचे घाला. दुकानदारानं काउंटरवर मल्टिमीटर लावून दाखवायला खळखळ केली तर दुसरं दुकान बघा. घरी आणल्यावर पहिलं चार्जिंग दिवसा, समोर बसून. अर्ध्या तासानं पिनेला हात लावा: कोमट चालेल, चटका नको. जिन्याखाली किंवा दाराच्या वाटेत चार्जिंगला लावू नका. काही झालं तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

जुना चार्जर फेकण्याआधी त्याच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी ज्यांच्याकडे तो असतो, त्यांचं काम पाच मिनिटांत होतं.